संशयाचा फायदा

त्यांनी मला कामावर का ठेवलं, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. घोडेगावच्या कोर्टाच्या आवारात माझ्यापेक्षा भरभर टायपिंग करणारी तीन माणसं तेव्हा बसत होती. मी तिशीला आलेली, पदरात एक मुलगी, नवरा तरकारीचा टेंपो चालवणारा. टायपिंगची परीक्षा पास झाले होते, पण मशीनला हात लावून पाच वर्षं झाली होती. कोर्टातल्या एका शिपायानं निरोप दिला, "जज्जसाहेबांना टायपिस्ट पाहिजे, तुमी अर्ज करा." म्हणून गेले.

साहेबांनी अर्ज हातात घेतला आणि तो खालून वर वाचला. आधी सही, मग तारीख, मग पत्ता, मग माहेर. माहेरापाशी बोट थांबलं.

"महाळुंगे पडवळ?"

"हो."

"वडील काय करतात?"

"शेती."

"आहेत ना?"

"आहेत की."

"उद्या दहाला या," ते म्हणाले. टायपिंग येतं का, हे विचारलंच नाही.

कागद खालून वर वाचायची त्यांची सवय मला पुढं रोजचीच झाली. ते म्हणत, "कागदातली लबाडी शेवटाला असते. वरून वाचत आलं की तिथं पोचेपर्यंत माणूस दमलेला असतो." खरेदीखत असो, लग्नाची पत्रिका असो, वाचन खालून सुरू. एकदा एका पत्रिकेत 'आपले नम्र'च्या खाली त्यांना एका जुन्या विरोधकाचं नाव दिसलं, तेव्हा लग्न कोणाचं आहे हे न बघताच त्यांनी पत्रिका बाजूला ठेवली. लग्न त्यांच्या सख्ख्या मावसभावाच्या नातवाचं होतं.

खरं म्हणजे ते कोर्टातले न्यायाधीश कधीच नव्हते. मूळचे वकील, तालुक्याच्या पूर्वेकडच्या लोणी गावच्या बाजूचे. पंचायत समितीवर निवडून गेले, दहा-बारा वर्षं सभापती होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या निवडणुकीत पडले. मग वकिलीच्या अनुभवावर त्यांची लांबच्या एका जिल्ह्यात ग्राहक मंचाचे अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली आणि पाच वर्षं त्यांनी बिघडलेल्या फ्रीजचे, न उगवलेल्या बियाण्यांचे आणि न मिळालेल्या विम्याचे निवाडे केले. परत आले ते 'जज्जसाहेब' होऊनच. लोकन्यायालय भरलं की पॅनेलवर त्यांना बसवत. एरवी घोडेगावात दोन खोल्या, एकीत राहणं, दुसरीत ऑफिस. पत्नी आधीच वारलेल्या, मूलबाळ नव्हतं.

ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. शिपायाला, भाजीवालीला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीलासुद्धा. ऑफिसात एक मांजर यायचं, त्यालाही दाराकडं बोट दाखवून म्हणायचे, "तुम्ही बाहेर व्हा." मला आधी ते फार सभ्य वाटलं. मग एकदा त्यांनीच सांगितलं, "अरे-तुरे केलं की माणूस जवळ येतो. जवळ आला की काहीतरी मागतो."

घड्याळ हातात असताना ते वेळ तीन जणांना विचारत. सत्काराला कुणी हार आणला तर गळ्यात घालू देण्याआधी तो हातात घेऊन झटकत. आणि एस.टी.नं कुठं जायचं असलं की तिकीट नेहमी एक टप्पा पुढचं काढत. एकदा कामासाठी मी त्यांच्याबरोबर नारायणगावला गेले होते. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "दोन आळेफाटा." नारायणगाव आलं तसे उठले आणि उतरले. कंडक्टर ओरडला, "ओ साहेब, फाटा पुढं हाय!" साहेबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी विचारलं, असं का? म्हणाले, "आपण कुठं उतरणार हे गाडीतल्या माणसांना आधीच कशाला कळायला हवं?" गाडीत आमच्याशिवाय बाजारातून परतलेल्या चार म्हाताऱ्या आणि एक कोंबड्यांची पाटी होती.

हसू येतं, पण या संशयानंच त्यांनी कुणाकुणाचं भलंही केलेलं होतं. मंचावर असताना एका शेतकऱ्यानं तक्रार केली होती की कांद्याचं बी उगवलं नाही. कंपनीच्या वकिलानं त्याच लॉटचा नमुना पुढं केला, बी चांगलं असल्याचा दाखलाही जोडला. सोबतचे दोन सदस्य तक्रार फेटाळायला तयार झाले. साहेबांनी दोन्हीकडचं बी मागून घेतलं, सरकारी क्वार्टरच्या ओट्यावर दोन कुंड्यांत टाकलं आणि रोज सकाळी स्वतः पाणी घातलं. कंपनीचं उगवलं. शेतकऱ्याचं नाही.

"मग कंपनी खोटी ठरली?" मी विचारलं.

"छे. मला दोघांचाही संशय आला. मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक म्हणून. दुकानदार मागच्या वर्षीचं बी नव्या पिशवीत भरत होता. मशीनवर शिवत होता, माझ्यासमोर."

ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे घरी सांगितलंत तर वडील काय म्हणतील?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणणार."

हे असंच चालायचं. कुठलंही बोलणं शेवटी माझ्या वडिलांपाशी येऊन थांबायचं. वडिलांची तब्येत? वडील गावात कुणाकडं बसतात? कधी शाळेकडं जातात का? शाळेकडं कशाला जातील, असं मी विचारलं तर म्हणायचे, "सहज."

आणि तिकडं महाळुंग्यात अप्पांचीही तीच तऱ्हा. मला काम मिळालं हे सांगायला मी पेढे घेऊन गेले, तेव्हा अप्पा जेवत होते. साहेबांचं नाव ऐकलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"त्या मानसाकडं? त्यानं तुला का घेतलं?"

"टायपिंगला."

"तुझं म्हायेर माहीत हाय त्याला?"

"अर्जावरच लिहिलंय."

अप्पा ताटावरून उठले. हात धुता धुता म्हणाले, "जपून ऱ्हा. त्यो मानूस चहा पाजताना पन बगत असतो, कोन किती साखर घालतंय." एवढंच. पुढं मी माहेरी गेले आणि साहेबांचा विषय निघाला की अप्पांना गोठ्यात काहीतरी काम आठवायचं.

अप्पा साहेबांचे कार्यकर्ते होते, एवढं मला माहीत होतं. लहानपणी आमच्या ओसरीवर साहेबांच्या प्रचाराची पत्रकं पडलेली मी पाहिली होती. शेवटच्या निवडणुकीत आमच्या गावच्या शाळेतल्या केंद्रावर त्यांचे पोलिंग एजंट अप्पाच होते. त्या निवडणुकीत साहेब अकरा मतांनी पडले. तेव्हापासून दोघांचं बोलणं नव्हतं. का, ते घरात कुणी विचारलं नाही.

मला कळलं ते पहिल्याच वर्षी, ऑफिसच्या कपाटात. साहेब जुन्नरला गेले होते आणि मला एका जुन्या दाव्याची फाईल हवी होती. तळाच्या कप्प्यात लाल फितीनं बांधलेला एक गठ्ठा निघाला. वर 'निवडणूक' असं त्यांच्याच अक्षरात. उघडायला नको होता, पण उघडला. आमच्या गावची मतदार यादी होती. प्रत्येक नावापुढं निळ्या पेन्सिलीची खूण. अप्पांच्या नावाखाली दोन रेघा आणि एक प्रश्नचिन्ह. त्याच्या खाली वेगळ्या शाईनं लिहिलेलं होतं: 'थोरली मुलगी घोडेगावात दिली. टायपिंग येते.' पुढं तारीख. मी अर्ज केला त्याच्या सात महिने आधीची.

म्हणजे शिपायाचा तो निरोपसुद्धा त्यांनीच पाठवलेला होता.

फाईल होती तशी बांधून ठेवली. घरी नवरा म्हणाला, "सोडून दे काम." मला ते पटलं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दहाला मी खुर्चीत होते. काम आवडत होतं हे एक. दुसरं म्हणजे, आता सोडलं तर त्यांच्या प्रश्नचिन्हापुढं ते आणखी एक खूण करतील, असं वाटलं. मी मनाशी ठरवलं, या माणसासमोर अप्पांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि मीही त्यांच्यावर नजर ठेवू लागले. कोण येतं, कुणाला आत बोलावतात, महाळुंग्याचा माणूस आला की दार लावतात का. चार वर्षं आम्ही दोघं एका खोलीत समोरासमोर बसून एकमेकांवर पाळत ठेवत होतो. वरून सगळं छान चाललेलं. ते मजकूर सांगत, मी टाईप करी.

"कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो," ते कधीमधी म्हणत. "बाहेर तो ज्याचा त्यानं घ्यावा."

मग वाटेचं प्रकरण आलं.

आमच्या शेताच्या मागं धुळाबाचं दोन एकर रान आहे. धुळाबा मेंढपाळाच्या घरातला. माझ्या लहानपणी त्याच्या बापाची मेंढरं दिवाळीनंतर आमच्या शेतात बसायला असायची, त्यांच्या लेंड्यांवर आमचा गहू वाढायचा. पुढं मेंढरं कमी झाली, धुळाबानं जमीन घेतली आणि तो शेती करू लागला. त्याची वाट आमच्या बांधावरून. एके दिवशी त्याचा ट्रॅक्टर वळताना अप्पांची पाईपलाईन फुटली. दोघांची बाचाबाची झाली आणि अप्पांनी बांधावर बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली. धुळाबानं दावा लावला. दोन वर्षं तारखा झाल्या आणि शेवटी ते प्रकरण लोकन्यायालयात ठेवलं गेलं.

अप्पा तालुक्याला आले की माझ्याकडं चहाला येत. नोटीस आली त्या आठवड्यात आले ते चहा न घेताच उठून उभे राहिले.

"पॅनेलवर कोन हाय?"

"साहेब आहेत."

"मंग झालं. बारा वर्सांचं एकदम काढनार त्यो."

"काय काढणार, अप्पा? तुम्ही काय केलंय?"

"काय न्हाई केलं," अप्पा म्हणाले, आणि पायात चपला घालताना त्यांना उजवी-डावी कळेना.

तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या बापाचा संशय आला. साहेबांनी चार वर्षं प्रयत्न करून जे साधलं नव्हतं, ते त्या चपलांनी साधलं.

लोकन्यायालयाच्या दिवशी कोर्टाच्या मोठ्या खोलीत तीन टेबलं मांडली होती. पहिल्यावर साहेब, सोबत एक वकील आणि एक शिक्षिका. तडजोडीचे कागद टाईप करायला मी बाजूच्या बाकावर. माणसं भिंतीपर्यंत उभी होती. निम्मं महाळुंगे तिथं असावं, कारण बऱ्याच जणांची बांधांचीच प्रकरणं होती. अप्पांचं नाव पुकारलं. एका बाजूनं अप्पा आले, एका बाजूनं धुळाबा. मी मान खाली घातली.

साहेबांनी कागद उचलला, खालून वर वाचला, आणि टेबलावर पालथा ठेवला.

"हे प्रकरण मी ऐकणार नाही," ते म्हणाले. आवाज सभापतीचा, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "तडजोड सुचवायची तर दोघांकडं सारखं बघता यायला हवं. या गृहस्थांकडं मला तसं बघता येत नाही. माझ्या निवडणुकीत यांनी मला दगा दिला असा माझा बारा वर्षं संशय आहे. पुरावा नाही. पण ज्याच्याबद्दल मनात असं आहे, त्याचा निवाडा करायला मी नालायक आहे. प्रकरण शेजारच्या टेबलाकडं पाठवा."

सोबतच्या वकिलांनी काहीतरी पुटपुटून साहेबांच्या दंडाला हात लावला, त्यांनी तो काढला. अप्पा उभे होते तिथंच उभे. मग शिपायानं त्यांना हाताला धरून दुसऱ्या टेबलाकडं नेलं. तिथं अर्ध्या तासात मिटलं. बांधाच्या कडेनं बैलगाडी जाईल एवढी वाट सोडायची, पाईप जमिनीखालून घ्यायचा, खर्च दोघांनी करायचा. अप्पांनी कशालाच नाही म्हटलं नाही. अख्खा बांध मागितला असता तरी त्या वेळी त्यांनी सही केली असती.

बाहेर आल्यावर धुळाबाच त्यांच्याजवळ गेला. "आप्पा, चला, गाडीवर सोडतो."

"नगं. मी यष्टीनं जाईन."

"आवो, लोकं काय बी बोलत्यात. मनावर घिऊ नका."

"लोकं कुठं बोलली?" अप्पा म्हणाले. "त्यो बोलला."

त्या दिवसानंतर अप्पांनी डेअरीवर जाणं सोडलं. दूध माझ्या भावाच्या हाती पाठवायला लागले. ज्या गोष्टीची गावात कुणाला आठवण नव्हती, ती आता न्हाव्याच्या दुकानात आणि पारावर निघू लागली. आईनं मला निरोप पाठवला, "तुझ्या सायबाला सांग, बरं केलं."

मी साहेबांसमोर उभी राहिले. बसले नाही.

"गुपचूप दुसऱ्या टेबलाकडं पाठवता आलं असतं."

"गुपचूप केलं की त्यात लबाडी शिरते. कारण सांगायला हवं."

"आणि माझ्या बापाचं काय?"

"मी आरोप केला नाही. फक्त संशय सांगितला."

"गावाला त्यातला फरक कळत नाही, साहेब."

"कळायला हवा," ते म्हणाले. पण ते म्हणताना चष्मा काढून पुसत होते, आणि तो आधीच स्वच्छ होता.

मग मी यादीतल्या त्या ओळीचं विचारलं. वाटलं, नाकारतील. नाही नाकारलं.

"हो. तुमच्याकडून कळेल म्हणून ठेवलं."

"कळलं?"

"चार वर्षांत बापाबद्दल एक शब्द बोलला नाहीत. त्यामुळं संशय वाढला."

"मग काढून का नाही टाकलं?"

"तुमच्या टायपिंगमध्ये चुका नसतात," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि ते मला नेमकं तेव्हा ऐकावं लागलं.

मी राजीनाम्याचा कागद टाईप करून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तो द्यायच्या आधीच, पुढच्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात अप्पा उभे. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, दाढी केलेली. लग्नाला निघाल्यासारखे.

"अप्पा, तुम्ही?"

"तुझ्याकडं न्हाई आलो."

साहेबांनी मान वर केली. "बसा."

"बसत न्हाई." अप्पांनी हात मागं बांधले आणि एका दमात सुरुवात केली. "साहेब, मतदानाच्या दिशी तुमचा एजंट मी व्हतो. सकाळी धा वाजता मला कळलं, शाळंच्या भाईर लिंबाखाली लोनीचा एक मानूस यादी घिऊन बसलाय. त्यो तुमी बसवला व्हता. माझ्यावर नजर ठिवायला. मला लई लागलं. मी उठलो, घरी गेलो, भाकर खाल्ली आन झोपलो. भावकीतली मान्सं इचाराय आली, मत कुनाला द्यायचं. मी म्हनलो, तुमचं तुमी बगा. कुनाचा रुपाया घेतला न्हाई. पन तुमची अकरा मतं मी घालवली."

मी साहेबांकडं बघत होते. बारा वर्षं ज्याच्या मागं ते होते, ते पायांनी चालत समोर येऊन उभं राहिलं होतं.

"पुन्हा सांगा," साहेब म्हणाले.

अप्पांनी पुन्हा सांगितलं. मतदानाच्या दिशीपासून अकरा मतांपर्यंत, तसंच्या तसं.

साहेबांनी मान हलवली. "शब्दाला शब्द तोच. काना-मात्रेचा फरक नाही. खरं सांगणारा दुसऱ्यांदा अडखळतो, त्याला काहीतरी नवं आठवतं. हे पाठ केलेलं आहे. तुम्ही कुणाला तरी वाचवताय."

"आवो, पाठ आसंल न्हाई तर काय! बारा वर्सं उठता-बसता तेच घोकतोय मी!"

"लेकीच्या नोकरीसाठी आलात तुम्ही. नोकरी राहील. या आता."

"मी केलं म्हनतोय ना!" अप्पा ओरडले. त्यांचा आवाज फाटला. "आता तरी इश्वास ठिवा की!"

साहेबांनी समोरचा कागद उचलला आणि वाचायला लागले. अप्पा थोडा वेळ थांबले, टोपी नीट केली आणि बाहेर पडले. मी त्यांच्यामागं धावले. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर ते बसले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "मी त्याला बारा वर्सं भ्यालो. आन त्याला माझं खरं बी पटंना." मग त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी टोपीनं पुसलं.

मी परत आत गेले तर साहेबांच्या हातात तोच कागद. मी पंधरा-वीस मिनिटं टाईप करत होते, तेवढ्या वेळात तो एकदाही उलटला गेला नाही.

शेवटी मीच विचारलं, "लोणीचा माणूस तुम्ही बसवला होता?"

"प्रत्येक केंद्रावर बसवला होता."

"मग बाकीच्या केंद्रांवर काही झालं नाही?"

तेव्हा कुठं त्यांनी कागद खाली ठेवला. "बाकीच्यांना तो दिसला नसावा," ते म्हणाले.

राजीनामा मी दिला नाही. का दिला नाही, याचं धड उत्तर माझ्याकडं नाही. त्यांनी खरंच विश्वास ठेवला नव्हता, की ठेवायची हिंमत झाली नव्हती, हे मला बघायचं होतं बहुतेक. अप्पांचं मात्र सुटलं. त्या आठवड्यात ते स्वतः कॅन घेऊन डेअरीवर गेले आणि रांगेत सगळ्यांदेखत सांगून टाकलं. गावानं चटकन विश्वास ठेवला. "आप्पा, निस्तं झोपून इलेक्शन पाडलं व्हय राव!" असं म्हणून लोक महिनाभर हसले आणि मग विसरले. वाटेवरच्या काट्या धुळाबानं आणि अप्पांनी मिळून काढल्या.

साहेबांचं तसं नव्हतं. पुढची तीन वर्षं ते महाळुंग्याच्या माणसाला काही विचारत नव्हते, पण वेळ मात्र आता तीनऐवजी चौघांना विचारायचे. लोकन्यायालयाचं बोलावणं आलं की मला पत्र सांगत, 'प्रकृतीच्या कारणामुळे येणे शक्य नाही.' तेव्हा प्रकृती उत्तम होती. नंतर खरोखरच बिघडली. हृदयाचं दुखणं. मंचरच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. मी दिवसाआड डबा घेऊन जायची. गोळी हातात दिली की ते नर्सला तिचं नाव, मग गोळीचं नाव आणि मग परत तिचं नाव विचारत.

एका दुपारी डबा न उघडताच म्हणाले, "तुमच्या वडिलांना निरोप द्या. तो माणूस तिथं बसवायला नको होता."

पुढं काही बोलतील म्हणून थांबले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी तशीच महाळुंग्याला गेले. अप्पा उसाला पाणी देत होते. निरोप सांगितला. त्यांनी खोरं थांबवलं.

"कदी म्हनला?"

"आज. तासाभरापूर्वी."

"सुदीवर व्हता ना?"

"अप्पा!"

"न्हाई, इचारलं आपलं." त्यांनी मोटर बंद केली, पाय धुतले, आणि चिखलाच्या धोतरानंच माझ्याबरोबर निघाले.

खोलीत त्यांना बघून साहेब उशीवर थोडे वर सरकले. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

"कुनी न्हाई. माझा मी आलोय."

साहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, चिखलापर्यंत. मग मला म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. दार लावून घ्या."

तासभर मी बाहेरच्या बाकावर होते. आतून कधी साहेबांचा आवाज, कधी अप्पांचा, शब्द कळत नव्हते. मधेच बराच वेळ काहीच नाही. मी उठून दाराला कान लावला, हे कबूल करते. तेवढ्यात आत कुणीतरी हसलं. अप्पांचं हसू मला माहीत होतं. हे दुसरं होतं, आणि सात वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.

अप्पा बाहेर आले. मी विचारलं, "काय बोलणं झालं?"

"झालं काय तरी."

"काय पण?"

"साहेबांनी कुनाला सांगू नका म्हनलंय," अप्पा म्हणाले. "मी शब्द दिलाय."

त्यानंतर नवव्या दिवशी साहेब गेले. अंत्यविधीला तालुक्यातले पुढारी आले, भाषणं झाली, ते किती न्यायनिष्ठुर होते ते सगळ्यांनी सांगितलं. अप्पा मागं धुळाबाशेजारी उभे होते. कुणीतरी त्यांनाही दोन शब्द बोला म्हणालं. त्यांनी मानेनंच नकार दिला.

मी पुष्कळ प्रयत्न केले. चिडून विचारलं, लाडीगोडी लावून विचारलं, आईला पुढं केलं. मला वाटायचं, साहेबांनी त्यांना दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगितलं असेल. कधी वाटायचं, माझ्याबद्दलच काही असेल. अप्पांच्या शेवटच्या आजारपणात मी एकदा म्हटलं, "आता तरी सांगा, साहेब जाऊन किती वर्षं झाली."

अप्पा माझ्याकडं बघून हसले, आणि त्यांनी कूस बदलली. त्यांनी मला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.